नेरुळचं घर विकून ठाण्यात घ्यायचंय? आधी बाबांची फाईल उघडा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नेरुळला सिडकोने, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाने, बांधलेल्या वसाहतीत वडिलांनी १९९२ मध्ये घेतलेला फ्लॅट. वडील तीन वर्षांपूर्वी गेले. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट अजून त्यांच्याच नावावर, नॉमिनी आई. बहीण नाशिकला, 'तिची काही हरकत नाही'. फ्लॅटला ९५ लाखांचं गिऱ्हाईक आलंय. इकडे ठाण्यात घोडबंदर रोडला एक टू बीएचके दीड कोटीला पसंत पडलाय. मालक म्हणतो, रविवारपर्यंत ५ लाख टोकन द्या, आणि दीड कोटीतले १५ लाख रोख. तुम्ही विचारलंय की आधी विकू की आधी घेऊ, नवं घर कोणाच्या नावावर घेऊ, आणि रोखीचं काय करू.

मी ठाण्यात बसून रिसेलच्या घरांचे करारनामे करते, २३ वर्षं झाली. निम्मं काम ठाण्याचं, निम्मं खाडीपलीकडचं, म्हणजे नवी मुंबईचं. त्यातून सांगते, या रविवारी कोणालाही एक रुपया देऊ नका. टोकन देणं वाईट म्हणून नव्हे, तुमचा नेरुळचा फ्लॅट आज विकण्याच्या स्थितीतच नाही म्हणून. तो विकला जाईपर्यंत ठाण्याच्या दीड कोटीतले ९५ लाख हवेतच आहेत.

'आई नॉमिनी आहे ना, मग झालं' हे वाक्य मी आठवड्यातून दोनदा ऐकते. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सहकारी संस्थांच्या कायद्यात २०१९ मध्ये गृहनिर्माण संस्थांसाठी जे वेगळं प्रकरण घातलं, त्यात तर साफ म्हटलंय की वारस ठरून सभासद होईपर्यंत नॉमिनी हा तात्पुरता सभासद. म्हणजे सोसायटी मेंटेनन्सचं बिल आईच्या नावाने काढेल, सभेला बोलावेल, पण घर विकण्याचा हक्क आई, तुम्ही आणि ताई या तिघांचा, सारखा. मृत्युपत्र असेल तर चित्र वेगळं. तुम्ही त्याचा उल्लेख केला नाही म्हणजे नसावं असं धरते, तरी बाबांच्या कपाटात, बँकेच्या लॉकरमध्ये एकदा बघाच.

आणि आता तुम्ही न सांगितलेली गोष्ट. बाबा गेले तेव्हा तुमची आजी, म्हणजे बाबांची आई, हयात होती का?

हा प्रश्न मी प्रत्येकाला विचारते आणि समोरचा दर वेळी चक्रावतो. हिंदू उत्तराधिकार कायद्यात पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर बायको आणि मुलांच्या बरोबरीने त्याच्या आईलाही वाटा असतो. वडिलांना पहिल्या फळीत नाही, आईला आहे. आजी होती आणि नंतर गेली असेल, तर तिचा चौथा हिस्सा तिच्या वारसांकडे गेला. त्यात तुम्ही दोघं भावंडं बाबांच्या जागी येता, पण सोबत काका आणि आत्याही येतात. ज्यांनी नेरुळच्या घरात कधी पाऊल ठेवलं नाही, त्यांच्या सह्या लागतात.

सानपाड्याच्या एका घराच्या व्यवहारात हे नेमकं घडलं होतं. विकणारा मुलगा, आई, बहीण, तिघंही तयार. घेणाऱ्याचं कर्ज मंजूर. बँकेच्या वकिलाने दोन मृत्यूचे दाखले शेजारी ठेवले: विकणाऱ्याचे वडील मार्चमध्ये गेले होते, त्यांची म्हातारी आई त्याच वर्षी ऑगस्टमध्ये. पाच महिन्यांचं अंतर. त्या पाच महिन्यांनी तीन काका आणि एक आत्या व्यवहारात आणले. त्यातल्या एका काकांशी वीस वर्षं बोलणं नव्हतं, गावच्या आंब्याच्या कलमांवरून. सही द्यायला ते नाही म्हणाले नाहीत, फक्त सात महिने 'बघू' म्हणाले. घेणाऱ्याने दुसरीकडे घर घेतलं. म्हणून म्हणते, फाईल उघडली की आधी दाखल्यांवरच्या तारखा.

तिघंच वारस निघालात असं समजून पुढे जाऊ. तुमच्यापुढे दोन वाटा आहेत. एक, तिघांचीही नावं सोसायटीत आणि सिडकोत लावून तिघांनी मिळून विकायचं. ताईचा तिसरा हिस्सा ताईच्या खात्यात. दोन, तुम्ही आणि ताईने आईच्या नावे हक्कसोडपत्र करून द्यायचं, ते नोंदवायचं, मग आई एकटी विकेल. हक्कसोडपत्राला इतक्या जवळच्या नात्यात मुद्रांक नाममात्र असतो, पण ताईला नोंदणीसाठी इकडे एक दिवस यावं लागेल. आणि ते विनामोबदला असेल तरच नाममात्र. ताईला आतून काही रक्कम द्यायची आणि कागदावर 'प्रेमापोटी' लिहायचं, असला प्रकार माझ्याकडून होत नाही.

'तिची काही हरकत नाही' हे तुम्ही लिहिलंत, ताईने नाही. तिला फोन करून आकडा सांगा: घर ९५ लाखांना चाललंय, तुझा वाटा साधारण साडेएकतीस लाख होतो, काय करूया. मग ती जे म्हणेल ते. हरकत नसलेल्या बहिणी आकडा कळल्यावरही सही करतात, माझ्यासमोर खूप जणींनी केली आहे. पण आकडा न सांगता घेतलेली सही पुढे दिवाळीच्या दिवाळी बोचत राहते, आणि कधी कधी कोर्टातही जाते.

आता सिडको. ठाण्याच्या लोकांना हे पटकन कळत नाही, पण तुम्ही नेरुळचे, तुम्हाला ठाऊक असेल: नवी मुंबईत जमीन सिडकोची, ६० वर्षांच्या भाडेपट्ट्यावर. त्यामुळे सोसायटीत नाव बदललं म्हणजे काम संपलं असं नाही, बेलापूरला सिडकोच्या दप्तरीही बदलावं लागतं. वारसांची नावं आधी लागणार, मग विक्रीसाठी हस्तांतरणाची परवानगी, त्याचं शुल्क, मग सिडको, विकणारा आणि घेणारा असा त्रिपक्षीय करार. सिडकोने बांधलेल्या, वाशीतल्या जेएन टाईप आणि नेरुळच्या एनएल टाईप घरांत मला हे पुन्हा पुन्हा दिसतं की सोसायटीत नावं तीनदा बदललीत आणि सिडकोकडे अजून मूळ लॉटरीवाल्याचंच नाव. मधल्या दोघांनी मुखत्यारपत्रावर व्यवहार केलेले. मुखत्यारपत्राने मालकी जात नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केलं, तरी त्या गाठी आम्ही अजून सोडवतोय. तुमचं तसं नाही, बाबा मूळ वाटपधारक आहेत, हे मोठं भाग्य समजा.

फाईलमध्ये शोधायचं ते असं: सिडकोचं वाटपपत्र, ताबापावती, पैसे भरल्याच्या पावत्या आणि शेअर सर्टिफिकेट, सगळं मूळ. बाबांनी तेव्हा कर्ज घेतलं असेल तर ते फिटल्याचं पत्रही हवं. १९९२ चं कर्ज, बँक कदाचित दुसऱ्या बँकेत विलीन झालेली असेल. हे पत्र मिळवायला सर्वात जास्त पायपीट होते, म्हणून त्याला आधी लागा. अलीकडची कर्जं बरी: १ डिसेंबर २०२३ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की कर्ज फिटल्यापासून ३० दिवसांत मूळ कागद परत द्यायचे, नाहीतर बँकेने दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यायची.

'मूळ' या शब्दावर मी अडून बसते, त्याला कारण आहे. २००९ मध्ये मी स्वतःसाठी कोपरखैरण्यात घर घेतलं. लोकांचे कागद तपासणारी मी, पण विकणारे गृहस्थ ओळखीचे, निवृत्त शिक्षक, घरी गेलं की चहाबरोबर चकल्या. शेअर सर्टिफिकेटची झेरॉक्स बघितली, इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या व्यवहाराचा सरकारी उतारा, काढला, सोसायटीचा ना-हरकत दाखला आला, मुद्रांक भरला. नोंदणीच्या सकाळी मी म्हटलं, सर, मूळ सर्टिफिकेट बरोबर घ्या. सर गप्प. मग हळूच म्हणाले, 'ते पतपेढीत आहे, मुलाच्या धंद्याला चार लाख काढले होते.' ते कर्ज कुठल्याही दप्तरात दिसत नव्हतं. सर्टिफिकेट नुसतं ठेवून घेतलं होतं. पाच आठवडे गेले ते सोडवण्यात, आणि माझ्या भाड्याच्या घरमालकाने तोवर नवीन भाडेकरू ठरवलेला. सामान भावाच्या घरी, आम्ही सासरी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. तेव्हापासून मूळ कागद हातात धरून, उलट बाजूच्या नोंदी वाचल्याशिवाय मी टोकनची पावतीसुद्धा लिहून देत नाही. ठाण्याच्या घरासाठी तुम्हीही हेच करा.

तर आधी काय? आधी नावं, मग विक्री, मग खरेदी. 'आधी घेऊ, मग विकू' हे त्यांनी करावं ज्यांच्याकडे दोन्ही घरांचे हप्ते वर्षभर सोसायची ताकद आहे. फक्त एक सोय नेरुळच्या करारात करून घ्या: पूर्ण रक्कम मिळाल्यावर ताबा द्यायला तीन महिन्यांची मुदत, गरज पडली तर ठरलेल्या भाड्यावर. बहुतेक घेणारे एवढं ऐकतात. आणि पैशांचे टप्पे नुसत्या तारखांना बांधू नका. 'सिडकोची परवानगी हाती आल्यापासून १५ दिवसांत', 'बँकेच्या मंजुरीपासून अमुक दिवसांत' असं लिहा. सरकारी टेबलावरचा कागद कधी हलेल यावर तुमचा ताबा नाही आणि घेणाऱ्याचाही नाही. तारीख चुकली की दोघं एकमेकांना लबाड समजायला लागतात.

९५ लाख बरोबर आहेत का, हे तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. वेबसाईटवरच्या जाहिरातींतले आकडे म्हणजे विकणाऱ्यांची स्वप्नं. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये तुमच्याच सेक्टरमधले गेल्या वर्षभरातले इंडेक्स टू बघा, त्यात नोंदवलेली रक्कम आणि क्षेत्रफळ दोन्ही असतं. कार्पेटवर, म्हणजे भिंतींच्या आतल्या वापरायच्या क्षेत्रावर, भागाकार करा. बिल्टअप आणि सुपर बिल्टअपच्या गप्पा कानाआड करा. सध्या विमानतळामुळे नेरुळ-सीवूड्सचा प्रत्येक मालक स्वतःला धावपट्टीचा भागीदार समजतो, त्यामुळे घेणारेही बिचकलेत. तुमचं गिऱ्हाईक खरंच ९५ देत असेल आणि कर्ज मंजूर होण्यासारखं असेल, तर आणखी २ लाखांसाठी त्याला सोडू नका.

आता कर, कारण तिथेच तुमचा दुसरा प्रश्न सुटतो. वारशाने आलेल्या घराला बाबांच्या खरेदीपासूनचा काळ मोजतात, म्हणजे नफा दीर्घ मुदतीचा. खरेदी २००१ च्या आधीची असल्यामुळे १ एप्रिल २००१ ची बाजारभावाने किंमत खरेदी किंमत म्हणून धरता येते. मूल्यांककाकडून अहवाल घ्या, ती किंमत त्या वेळच्या मुद्रांक मूल्यापेक्षा जास्त मात्र धरता येत नाही. २३ जुलै २०२४ पासून कर साडेबारा टक्के, महागाई निर्देशांकाचा फायदा नाही. पण त्याआधी घेतलेल्या घराला निवासी भारतीय व्यक्ती जुन्या पद्धतीने, निर्देशांक लावून २० टक्के, असाही हिशोब करू शकते आणि कमी येईल तो भरते. समजा २००१ ची किंमत ६ लाख निघाली. साध्या हिशोबाने ८९ लाखांवर साडेबारा टक्के, म्हणजे सव्वाअकरा लाखांच्या आत. निर्देशांक लावून, २०२५-२६ चा ३७६, म्हणजे २००१ च्या ३.७६ पट, धरला, तर ६ लाखांचे साडेबावीस लाख होतात, उरलेल्या साडेबाहत्तर लाखांवर २० टक्के म्हणजे साडेचौदा लाख. तुमच्या बाबतीत नवी पद्धत स्वस्त.

पण दोन वर्षांत दुसरं राहतं घर घेतलंत तर यातला बराचसा, कदाचित सगळा कर वाचतो. नफा ज्याचा, घर त्याच्या नावावर, ही मेख. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत पैसे घरात गुंतले नाहीत तर ते बँकेतल्या कॅपिटल गेन खात्यात ठेवायचे, साध्या बचत खात्यात नाही.

आणि इथेच लोक शहाणपणा करायला जाऊन पडतात. ठाण्यात मुद्रांक शुल्क सगळं धरून ७ टक्के आहे. घेणाऱ्या फक्त स्त्रिया असतील तर एक टक्का सवलत. दीड कोटीवर दीड लाख वाचतात. शेजारी सांगतात, बायकोच्या नावावर घे. घेतलं बायकोच्या नावावर, आणि नफा झालेला आईचा आणि मुलाचा. मग आयकरवाले विचारतात की ज्यांनी घर विकलं त्यांनी घर घेतलंच कुठे? दीड लाखासाठी अकरा लाखांचा वाद ओढवून घेतलेला.

तुमच्या घरात मात्र एक सरळ मार्ग आहे. तुम्ही आणि ताईने आईच्या नावे हक्क सोडला, आईने विकलं, आणि ठाण्याचं घर आई व तुमची पत्नी दोघींच्या नावावर घेतलं, तर नफा आणि गुंतवणूक एकाच व्यक्तीची राहते आणि सवलतही मिळते. करारनाम्यात आईची रक्कम किती, सुनेची किती, हे स्वच्छ लिहा. कर्ज सुनेच्या पगारावर. तुम्ही सहकर्जदार होऊ शकता, मालक नसतानाही. यात दोन खाचा आहेत. तुमचं स्वतःचं नाव घरावर कुठेच नसेल. आणि आईच्या पश्चात आईचा हिस्सा पुन्हा तुम्हा दोघा भावंडांत वाटला जाईल, ताईने एकदा हक्क सोडला असला तरी. म्हणून आईचं मृत्युपत्र त्याच महिन्यात करा, ताईला माहीत असेल अशा रीतीने. हे सगळं घरात बोलायला जड जात असेल, तर सरळ तिघांनी विकावं, आई आणि तुम्ही घ्यावं, आणि दीड लाख सरकारला द्यावेत. मला विचाराल तर ज्या घरात ही बोलणी मोकळेपणाने होत नाहीत, तिथे मी दीड लाख भरायलाच सांगते.

रोखीचे १५ लाख: नाही. यात नैतिकता बाजूला ठेवा, नुसता हिशोब बघा. कर्ज करारातल्या रकमेवर मिळतं. तुमची करसवलत करारातल्या रकमेवर मोजली जाते. उद्या हेच घर विकाल तेव्हा खरेदी किंमत १ कोटी ३५ लाखच धरली जाईल, म्हणजे आजच्या विकणाऱ्याचा कर तुम्ही तेव्हा भरणार. शिवाय स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० किंवा जास्त रोख घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. हे मालकाला सांगितलंत की बरेचदा तो स्वतःच नरमतो. नाहीच नरमला तर ते घर सोडा. घोडबंदरला टू बीएचकेची टंचाई नाही.

टोकनच द्यायचं तर एक लाखाच्या आत, चेकने किंवा ऑनलाइन, आणि पावतीवर लिहून: कागदपत्रं समाधानकारक नसतील किंवा कर्ज नामंजूर झालं, तर इतक्या दिवसांत पूर्ण परत. जुने लोक याला विसार म्हणत आणि विसार बुडतो हे धरूनच देत. तुम्ही तसं धरू नका.

ठाण्याच्या घराचं काय काय बघायचं? मागचे सगळे करारनामे, पहिल्या बिल्डरपासून आजपर्यंत, सलग. मधला एखादा नोंदवलेला नसेल किंवा मुद्रांक कमी भरलेला असेल तर तो आधी विकणाऱ्याने निस्तरायचा. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी. 'ओसी येणारच आहे' हे वाक्य मी २३ वर्षं ऐकतेय, काही इमारतींबाबत तर त्याच माणसांकडून. इमारत नवी असेल तर महारेराचा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांच्या सरकारी नियामकाचा, क्रमांक आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. शेजारच्या कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींनी बनावट बांधकाम परवानग्या दाखवून रेराचे क्रमांक मिळवले होते आणि पुढे उच्च न्यायालयाने त्या पाडायचे आदेश दिले. परवानगी महापालिकेच्या शहर विकास विभागातून पडताळायची. शिळफाट्याजवळची लकी कंपाउंडची इमारत ४ एप्रिल २०१३ ला कोसळली, ७४ माणसं गेली. त्यानंतरही लोक मला विचारतात की ओसी नसली तर काय एवढं बिघडतं.

पार्किंग. मालक म्हणतोय 'कव्हर्ड पार्किंगसह'. ते करारात कसं लिहिलंय बघा. स्टिल्टमधली, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधली, जागा बिल्डर सुटी विकू शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितलंय. ती सोसायटीने सभासदाला दिलेली सोय असते. सोसायटीचं वाटपाचं पत्र आहे का, आणि हस्तांतरणानंतर ती जागा नव्या सभासदाकडे राहते का, हे सेक्रेटरीकडून लेखी घ्या. घर घेतल्यावरची भांडणं सर्वात जास्त इथे होतात.

आणि पाणी. तुम्ही नेरुळला मोरबे धरणाच्या पाण्यावर राहता, तुम्हाला पाणी हा प्रश्न असतो हेच माहीत नाही. घोडबंदर पट्ट्यात बऱ्याच सोसायट्या टँकर मागवतात. मालकाला विचारू नका, तो 'चोवीस तास' म्हणेल. सोसायटीचा गेल्या वर्षीचा जमाखर्च मागा, सर्वसाधारण सभेच्या अहवालात छापलेला असतो, आणि 'टँकर' ही ओळ शोधा. मी एकदा एका जोडप्याबरोबर असा ताळेबंद वाचला: लिफ्टच्या देखभालीपेक्षा टँकरचा खर्च चौपट. नवरा म्हणाला, चालेल. बायको उठून गॅलरीत गेली, खाली टँकर उभाच होता, पाईप लावलेला. घर तिथेच राहिलं. त्याच अहवालात मोठ्या दुरुस्तीची वर्गणी, पुनर्विकासाचे ठराव, थकबाकीदारांची यादी हेही सापडतं. शिवाय एकदा सकाळी साडेआठला त्या घरून निघून स्टेशन गाठून बघा. रविवारी दुपारी घोडबंदर रोड सगळ्यांनाच आवडतो.

मालक इथेच राहतो की परदेशात, हेही विचारा. इथला निवासी असेल तर ५० लाख किंवा त्यावरच्या व्यवहारात तुम्ही १ टक्का टीडीएस कापून भरायचा, कापल्याचा महिना संपल्यापासून ३० दिवसांत. दीड कोटीवर दीड लाख. मालक अनिवासी असेल तर एक टक्क्याचा नियम लागू नाही, कपात पुष्कळ मोठी असते आणि चुकली तर आयकर तुमच्याकडे मागतो. अशा वेळी सीए शिवाय पुढे जाऊ नका. तुमच्या नेरुळच्या विक्रीतही घेणारा ९५,००० कापेल. ते आईच्या (तिघांनी विकलं तर तिघांच्या) पॅनवर जमा झाले का ते बघायचं, आणि विवरणपत्रात त्याचा हिशोब करायचा.

पैशांची मांडणी अशी: दीड कोटी घराचे, मुद्रांकाचे ९ किंवा साडेदहा लाख, नोंदणी फी कमाल ३०,०००, दलाली ठरेल ती, दोन्हीकडची सोसायटी आणि सिडको. बँक मुद्रांक आणि नोंदणीला पैसे देत नाही हे विसरू नका. सोसायटीचं हस्तांतरण अधिमूल्य, म्हणजे ट्रान्स्फर प्रीमियम, महापालिका हद्दीत जास्तीत जास्त २५,०००. त्याखेरीज ५०० हस्तांतरण फी, १०० प्रवेश फी. 'बिल्डिंग फंडाला स्वखुशीने लाखभर' असं कोणी म्हटलं तर स्वखुशी नाही म्हणून सांगा. वारसांच्या नावावर करताना तर अधिमूल्य लागतच नाही, नेरुळच्या कमिटीने मागितलं तर हे दाखवा.

नोंदणीच्या दिवशी सह्या करण्याआधी संगणकावरची नोंद ओळीने वाचा: नावांचं स्पेलिंग, पॅन, फ्लॅट क्रमांक, मजला, क्षेत्रफळ. मागे रांग असते, ऑपरेटर घाई करतो, करू दे. आडनावातला एक 'ए' कमी पडला तर चूकदुरुस्तीचा दस्त वेगळा, आणि तेव्हा विकणाऱ्याला पुन्हा बोलवावं लागतं.

पण हे सगळं नंतरचं. आज संध्याकाळी बाबांची फाईल काढा आणि आजींच्या मृत्यूच्या दाखल्यावरची तारीख बघा. ती बाबांच्या आधीची असेल तर ताईला फोन करून पुढच्या आठवड्यात हक्कसोडपत्राचा मसुदा करायला घेता येईल. नंतरची असेल, किंवा आजी अजून आहेत, तर नेरुळच्या गिऱ्हाइकाला खरं काय ते सांगून थांबवा, आणि काकांकडे वकिलाचं पत्र पाठवू नका, आईला घेऊन स्वतः जा.